घसारा वजा जाता

२०२४ च्या दिवाळीनंतर दोन महिने आमच्या घरात एक मोटारसायकल राहत होती. ती आलेली नव्हती, येणार की नाही तेही ठरलेलं नव्हतं. पण सकाळच्या चहाला ती असायची, रात्रीच्या जेवणाला असायची आणि रविवारी दुपारी माझा जरा डोळा लागला की तिथंही असायची. आलेल्या पाहुण्याचं एक बरं असतं, तो कधीतरी जातो. न आलेल्याला घालवायचं कसं?

प्रकरणाचा उगम बँकेच्या काउंटरवर झाला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्याच प्रकरणांचा तिथं होतो, कारण मी दुसरीकडे कुठं नसतोच. बी.कॉम. झालो, साताऱ्यात क्लार्क म्हणून चिकटलो, त्याला वीस वर्षं झाली. २०२४ च्या मार्चात जो द्विपक्षीय करार झाला, त्यात आमचं नाव बदलून ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालं. नाव लांबलं, काउंटरपलीकडून हाक मात्र अजून ‘ओ क्लार्क’ अशीच येते. पण करार नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाल्यामुळं थकबाकी मिळाली. तीत थोडी भर घालून एक लाख साठ हजारांची ठेव केली आणि ती सुरक्षित आहे अशा समजुतीत राहिलो.

नोव्हेंबर हा आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर समोर येऊन उभा राहतो, आपण जिवंत असल्याचं लिहून देतो. आम्ही त्याच्याकडे एकदा नीट पाहतो आणि शिक्का मारतो. २०१४ पासून हे काम संगणकावर अंगठा लावूनही होतं, पण बरेचजण मुद्दाम शाखेत येतात. आपण हयात आहोत हे चारचौघांनी पाहावं, असं कुणाला वाटत नाही? तर त्या गर्दीत गणिताचे एक निवृत्त सर आले आणि त्यांनी दाखल्याच्या फॉर्मशेजारी हेल्मेट ठेवलं.

“सर, मुलानं सोडलं वाटतं?”

“मुलगा पुण्यात. मीच आलो, गाडीवर.”

काचेतून पाहिलं तर बाहेर एक उंच, सडपातळ, घाटात वाढलेल्या बोकडासारखी मोटारसायकल उभी होती. हिमालयन. २०१८ ची, ४११ सीसी. दोन्ही अंगांना पेट्या बांधायचे कठडे. हयातीचा दाखला द्यायला असल्या गाडीवर आलेला पेन्शनर मी पहिल्यांदाच पाहत होतो. शिक्का जरा जोरातच मारला.

“विकायचीय,” सर म्हणाले. “कुणी असेल तर सांगा. एक लाख वीस.”

“मी आहे ना,” असं कुणीतरी म्हणालं. आवाज माझा होता.

इथं माझा वाहनविषयक पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. वडिलांची चेतक होती. ती सुरू होण्याआधी तिला एका अंगावर तिरकी करावी लागे, आणि हे काम माझं. त्यामुळं स्कूटर म्हणजे वाकून नमस्कार करायची वस्तू, अशी लहानपणी माझी समजूत होती. सध्या माझ्याकडे ११० सीसीची स्कूटर आहे. घर ते बँक साडेतीन किलोमीटर, बँक ते मंडई ते घर. त्या बिचारीनं पाहिलेला परदेश म्हणजे कोरेगाव. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी मोटारसायकलवरून हम्पीला जायचं ठरवलं होतं. नकाशासुद्धा काढला होता. मग परीक्षा आली, मग नोकऱ्या आल्या. नकाशा कुणाकडे राहिला तेही आता आठवत नाही.

घरी विषय काढला तेव्हा सौ. गच्चीवरून खाली येत होती. हा योगायोग फार महागात पडला. साताऱ्याचा पाऊस आमच्या गच्चीतून थेट निजायच्या खोलीत उतरतो, आणि वॉटरप्रूफिंगचा नव्वद हजारांचा अंदाज तिनं आदल्याच आठवड्यात घेतला होता. “एक लाख साठ वजा नव्वद,” ती म्हणाली, “राहिले सत्तर. तुम्ही बी.कॉम. ना?”

बँकेत मात्र सल्ल्यांना तोटा नव्हता. जुनी गाडी घेणाऱ्याला सल्ला देणं हा आपल्याकडे धर्म आहे. कॅशियर म्हणाले, चासी नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी ताडून घ्या. कर्ज विभागातल्या बाई म्हणाल्या, आर.सी.वर बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि वित्त देणाऱ्याचा ना हरकत दाखला. नसेल तर फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. शिवाय नाव लगेच बदलून घ्या, कारण आर.टी.ओ.च्या दफ्तरी ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. आमच्या शिपायाचा मेव्हणा मेकॅनिक. त्यानं निरोप पाठवला, “सायेब, गाडी गार असताना बगा. तापवून ठेवली आसंल तर दाल में काला. निळा धूर आला तर आईल खातीय. चेनच्या चाकाचे दात वाकडे झाल्यात का बगा. फुडचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मदी अडकलं तर बेरिंग गेलं. आन् टायरवर चार आकडं आस्त्यात: पयले दोन आठवडा, मागले दोन साल.”

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. माझं लग्न ठरताना सासरच्या मंडळींनी यातलं निम्मंही तपासलं नव्हतं.

रविवारी सकाळी सातला शाहूपुरीत सरांच्या दारात हजर झालो. इंजिनाला हात लावून पाहिला, गार. सर म्हणाले, “छान. कुणीतरी सांगून पाठवलेलं दिसतंय.” दात सरळ, हँडल मोकळं, धूर नाही. नंबर जुळले. विमा, पी.यू.सी., सर्व्हिसिंगची बिलं, सगळं तारीखवार फायलीला लावलेलं. नापास करायला आलेल्या परीक्षकासारखी माझी पंचाईत झाली.

मग त्यांनी वही आणली.

दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. २०१८ पासून गाडीत भरलेला पेट्रोलचा प्रत्येक थेंब तीत होता. तारीख, गाव, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात लिटरमागे किलोमीटर, दोन दशांश स्थळांपर्यंत. मी आयुष्यभर रोजकिर्दी पाहिल्यात, पण एवढी देखणी नाही. कोल्हापूर, हुबळी, चित्रदुर्ग, कन्याकुमारी. एका पानावर ‘तांदी, लाहौल’ असं होतं, जून २०१९. त्याखाली चौकटीत लिहिलेलं: ‘पाटी – पुढचा पंप ३६५ कि.मी.’ आणि शेजारी पेन्सिलीनं केलेला गुणाकार. पंधरा लिटरची टाकी, तिसाचं सरासरी, चारशे पन्नास. म्हणजे पंच्याऐंशी शिल्लक.

“तरी एक पाच लिटरचा कॅन घेतला होता,” सर म्हणाले. “हिशेब बरोबर असला तरी रस्त्याला तो माहीत नसतो.”

मला त्या पानावरून डोळा काढवेना. इकडे कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तरी माझी झोप उडते, आणि हा माणूस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ३६५ किलोमीटरची पोकळी पेन्सिलीनं भरून निघाला होता.

चक्कर मारायला यवतेश्वरच्या घाटात नेली. त्याबद्दल फार लिहीत नाही. लिहिलं तर घरातले वाचतील. एवढंच सांगतो की तिसऱ्या वळणावर खाली सातारा दिसला, अजिंक्यतारा दिसला, आणि माझी शाखा कुठं असेल ते शोधायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

परत आलो, सरांच्या फाटकात थांबलो, मोठ्या ऐटीत डावा पाय खाली टेकवला. पाय टेकला, जमीन मात्र अपेक्षेपेक्षा दोन इंच खाली होती. गाडी एखाद्या थोरल्या काकांनी लोडाला टेकावं तशी सावकाश, कुठलीही घाई न करता आडवी झाली. मीही तिच्या मानानं बाजूला झालो. एकशे नव्वद किलोच्या आसपास वजन. ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. शेजारच्या गच्चीवर दोन मुलं गोळा झाली.

सर जवळ येऊन उभे राहिले. “पाठ गाडीकडे करा. आता बसा. एक हात हँडलला, एक मागच्या कठड्याला. कमरेनं उचलायचं नाही, मांड्यांनी. आणि लहान लहान पावलं मागं टाकत जा.” गाडी उठली. मला स्वतःलाच खरं वाटेना. मी हात झटकत सरांकडे पाहिलं. त्यांनी तो धडा देताना नुसत्या हातांच्या खुणा केल्या होत्या. गुडघे जिथल्या तिथं होते.

“चालवायला अजून येते मला,” ते म्हणाले. “उचलायला येत नाही. मागच्या पावसाळ्यात पाटणजवळ पडली. तासभर रस्त्यात उभा होतो, कुणीतरी येईल म्हणून. म्हणून विकतोय.”

आतून चहा आला. मला वाटलं, बाई म्हणतील, न्या हो एकदाची ही ब्याद. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, “नेणारच का? ती गेली की हे दिवसभर काय करणार, याचीच मला काळजी लागलीय.”

असल्या वातावरणात भाव करायचा म्हणजे कठीण काम. पण शिक्षण आडवं आलं. मी खिशातून कागद काढला. “सर, नवी घेतली तेव्हा एक लाख नव्वद. सहा वर्षं. पंधरा टक्के घसारा, घटत्या शिलकीच्या पद्धतीनं. येतात ७१,६५८ रुपये.”

सरांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. “आणि एक्केचाळीस पैसे,” ते म्हणाले. “उत्तर बरोबर आहे. पण या पद्धतीत एक गंमत असते. किंमत कितीही वर्षांनी शून्य होत नाही. म्हणजे काहीतरी उरतंच, बरोबर? त्या उरलेल्याचे मी जरा जास्त मागतोय.”

शेवटी पंच्याण्णवला आलो. सत्तर आत्ता, पंचवीस पुढच्या नोव्हेंबरात, ते हयातीचा दाखला द्यायला येतील तेव्हा. बिनव्याजी. हा शब्द मी काउंटरच्या या बाजूला बसून प्रथमच ऐकला. अट एकच: वही गाडीबरोबर मिळेल, पण पुढं लिहायला हवी, आणि दर नोव्हेंबरात दाखवायला हवी.

सत्तर आणि नव्वद, एक लाख साठ. ताळेबंद जुळला! मी जवळजवळ धावत घरी आलो. सौ.नं सगळं ऐकून घेतलं, आकडे पुन्हा एकदा मांडून पाहिले आणि म्हणाली, “बसतंय खरं. पण जाणार कुठं?”

मी दोन महिने किंमत, घसारा, विमा, टायर, बोजा यांचा विचार केला होता. हा रकाना कोराच होता.

“आणि रजा?” तिनं विचारलं.

“आहे की. दोनशे बारा दिवस साठलीय.” मी जरा अभिमानानंच सांगितलं.

“दोनशे बारा? मग माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला दीडच दिवस कसा मिळाला?”

“मिळाला असं नाही,” मी म्हटलं, “मागितलाच तेवढा.”

ती काही बोलली नाही. ऑडिटर जेव्हा काही बोलत नाही, तेव्हा त्याला सापडलेलं असतं. मला त्या रात्री मोटारसायकलीनं नाही, त्या दीड दिवसानं जागं ठेवलं. रजा हीसुद्धा मी ठेवीसारखी ठेवत गेलो होतो, मुदतपूर्व मोडायची नाही अशा थाटात. कुणी नको म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आणि निवृत्तीनंतर एकदम काढू म्हणावं, तर शाहूपुरीतले ते गुडघे डोळ्यांसमोरून हलेनात.

सोमवारी संगणकावर रजेचा अर्ज उघडला. आठ दिवस. कारणांची यादी आली: आजारपण, लग्नकार्य, परीक्षा, घरबांधणी, इतर. वीस वर्षं मी यातली पहिली दोनच आलटून पालटून वापरली होती. ‘इतर’ दाबलं. त्यानं तपशील मागितला. मी ‘हम्पी’ एवढंच लिहिलं.

अर्ध्या तासात शाखाधिकाऱ्यांनी आत बोलावलं. “हम्पीला कोण असतं?”

“कुणी नाही, साहेब.”

“लग्न आहे?”

“नाही.”

“मग गेलंच पाहिजे असं काही...?”

“तसं काही नाही, साहेब.”

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. माझ्या रजेची शिलकी त्यांनी उघडून पाहिली असावी, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या. “हे पावणेपाचशे किलोमीटर तरी असेल,” ते म्हणाले. मग आठाचे सहा केले आणि मंजुरी दिली. मला त्यांच्या आवाजात थोडा हेवा वाटला. कदाचित ती माझी कल्पनाही असेल.

त्याच संध्याकाळी टोकन द्यायला शाहूपुरीत गेलो. सौ. बरोबर आली होती. मी आणि सर फॉर्म २९ वर सह्या करीत असताना ती अंगणात गेली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या सीटवर चढून बसली. थोडा वेळ समोर पाहत राहिली. मग सरांच्या बाईंकडे वळून म्हणाली, “उशी लागेल.”