देवळी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुण्याच्या मावसभावाने आम्हां सर्वांना आग्रहाने डोंगराकाठच्या एका विश्रामगृहात नेले. शहरातली हौशी माणसे तिथे दोन रात्री काढण्यासाठी जे मोजतात, ते ऐकून माझ्यातला शाळामास्तर दचकला. पण खोलीचे दार उघडले आणि मी उंबऱ्यातच थबकलो. मातीने लिंपलेल्या भिंती, वर लाकडी तुळया, भिंतीत एक देवळी आणि देवळीत पणतीच्या आकाराचा विजेचा दिवा! मावसभाऊ विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहत होता. आईने भिंतीवरून हात फिरवला, वर पाहिले आणि मला विचारले,

"बापा, आपण पाडलेलं घर ह्यांनी इथं आणून मांडलं का रे?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. कारण ते घर पाडण्याचा हट्ट माझा होता.

औंढा नागनाथला आमचे माळवदाचे घर होते. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर सागवानी तुळया, तुळयांवर बारीक लाकडांची दाटण, तिच्यावर लिंबाचा पाला आणि सर्वांवर हातभर पांढरी माती. ही माती भिजली की फुगून दाटते आणि पाणी अडवते. दर वर्षी मृगाच्या आधी आई पदर खोचून वर चढायची आणि नवी माती पसरायची. तरीही एखादी धार खाली यायचीच. मग गळतीखाली परात, तांब्या, पातेले अशी मांडणी होई आणि प्रत्येकाचा सूर निराळा लागे. श्रावणात छतावर गवत माजे. शेजारची शेळी ते खायला वर जाई आणि वडील खालून तिच्या मालकिणीच्या नावाने हाका मारीत.

उन्हाळ्यात मात्र त्या घराची सर कशालाच नव्हती. बाहेर वैशाख पेटलेला असताना आत पाऊल टाकले की कुणी ओल्या फडक्याने कपाळ पुसल्यासारखे वाटे. छताला ठेवलेल्या सवण्यातून उन्हाचा एकच खांब माजघरात उतरे. तो जात्याशी आला की आई आम्हांला शाळेला पिटाळी. भिंतींत सात देवळ्या होत्या. एरवी त्यांत फणी, काड्यापेटी, वडिलांचा चष्मा असा संसार असे. दिवाळीत सारे उचलून प्रत्येकीत एकेक पणती लागे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. गणपतीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे झोपेतच गेली. चिखलात रचलेल्या दगडांच्या भिंती उकलल्या आणि माळवदाचे ओझे अंगावर आले. जिथे तुळया स्वतंत्र लाकडी खांबांवर होत्या, तिथे भिंती पडूनही बऱ्याच ठिकाणी छत तरले. आमच्या तुळया भिंतींवरच टेकलेल्या. वडिलांनी वर जाऊन मातीत पहार खुपसली. हातभर म्हणत होतो ती माती दीड हातावर गेली होती! प्रत्येक मृगाला आईने मायेने घातलेली पाटी न् पाटी आमच्या डोक्यावर साठत होती. वडिलांनी महिनाभर आम्हांला अंगणात निजवले. मग थंडी पडली, आम्ही आत आलो आणि विसरलो.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर आमच्याच हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तोवर वडील राहिले नव्हते. फळीवरची भांडी वाजली आणि तुळईच्या फटीतून आईच्या अंथरुणावर माती सांडली. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असे सांगण्यात आले. आम्ही काय काढणार? १० जुलैला पुन्हा तसाच धक्का. त्यानंतर रात्री मला झोप येईना. आईची खाट दारापासून किती पावलांवर आहे, ते मी अंधारात मोजत पडे. अखेर एके दिवशी म्हणालो, "घर पाडू." आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती मला नागनाथाच्या देवळात घेऊन गेली. हे यादवकाळातले हेमाडपंती देऊळ. खाली चुन्याविना एकात एक बसवलेले कोरीव दगड; वरचा भाग मात्र पुढच्या काळात विटा-चुन्यात बांधलेला. आई ओट्यावर बसली आणि वर बोट दाखवून म्हणाली,

"देवाचं बी वरलं अंग नवंच हाय. देव काय रुसून गेला का?"

थोड्या वेळाने स्वतःशीच हसून म्हणाली, "नाम्यासाठी देऊळ फिरलं म्हणं. लेकासाठी माय फिरंना का?"

नामदेवांच्या कीर्तनासाठी हे देऊळ फिरले, ही कथा मी वर्गात कितीदा सांगितली असेल! तिचा असा अर्थ मला कधी सुचला नव्हता.

आईने एकच अट घातली: नव्या घरात देवळी हवी. गवंडी म्हणाला, "आजी, नऊ इंची भिंत, देवळी कुठं काढू?" आई म्हणाली, "पणतीपुरती काढ." त्याने अर्ध्या विटेएवढी खोल जागा सोडली. तुळयांच्या सागाचे दार झाले आणि भिंतींचे दगड अंगणात फरशीसारखे बसले.

नव्या घराचे कौतुक मी करणार नाही. मे महिन्यात स्लॅब तापतो, पंखा गरम वारा ढवळतो, आणि दुपारी आई अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसते. देवळीतल्या पणतीने नव्या रंगावर काजळीचे बोट उमटले आहे. माझ्या पत्नीने ते पुसायला फडके घेतले, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे गं, आता घर झालं."

सातांच्या जागी एकच पणती लागते. पण रात्री दिवा मालवला की मी आता आईच्या खाटेपासून दारापर्यंतची पावले मोजत नाही.