पाचोळ्याखालची बोळकी

एप्रिलमध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या पोर्टर्स क्रीकच्या पायवाटेवर जो तो ट्रिलियम बघायला आलेला. तीन पाकळ्यांचं ते रुबाबदार फूल लांबूनच दिसतं, आणि त्याच्यापुढे कॅमेऱ्यांची गर्दी होते. वहिनी आणि मी मात्र माना खाली घालून चाललो होतो. रानआल्याच्या कुळातली फुलं शोधायची तर पाचोळा उकरायची तयारी लागते.

ओढ्याकाठच्या ओलसर मातीत अ‍ॅसरम कॅनाडेन्सची लवदार, बदामी पानं जोडीजोडीने उभी होती. वहिनींनी गुडघे टेकले आणि दोन देठांच्या बेचक्यातला पाचोळा बोटाने बाजूला सारला. तिथे एकच फूल, मातीला टेकलेलं. बाहेरून लव, आतून काळपट तांबडं, तीन टोकं बाहेर वळलेली. पाकळ्या वाटतात ती खरं तर निदलं.

वर उतारावर पानं बदलली. गुळगुळीत, जाडसर, बाणाच्या फाळासारखी, अंगावर पांढुरके डाग. हा हेक्सास्टायलिस अ‍ॅरिफोलिया. अ‍ॅसरमची पानं हिवाळ्यात जातात, याची बर्फातही हिरवी राहतात. पाचोळ्याखाली याची फुलं म्हणजे थेट भातुकलीतली बोळकी! इथे त्यांना ‘लिटल ब्राउन जग्ज’ म्हणतात. मात्र हेक्सास्टायलिसच्या कितीतरी जातींची पानं एकमेकींसारखी असतात. बोळकं केवढं, तोंड किती रुंद, गळा आवळलेला की सरळ, हे पाहिल्याशिवाय नाव सांगू नये. कॅरोलायनांमधल्या हेक्सास्टायलिस नॅनिफ्लोराची ओळखही तिच्या इवल्या फुलावरूनच पटते. दुर्मीळ म्हणून १९८९ मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं.

वहिनींनी पान हलकेच चोळून हुंगलं. “भाऊजी, आलंच की हो! चहात टाकायला हवं.”

इथे आलेले युरोपीय लोक अ‍ॅसरमचे कंद आल्याऐवजी वापरतही. पण आपलं आलं हळद-वेलचीच्या गोतातलं, हे मिरीच्या. शिवाय यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं, कर्करोगालाही कारण होतं. आपल्याकडचा सापसंद याच कुळातला, त्यातही तेच विष. वहिनींनी पदर नसतानाही हात पदराला पुसल्यासारखा केला.

उद्यानात रोपं उपटायला बंदी आहे, तरी चोरून नेणारे असतातच. रानआल्याचं बी मुंग्या वाहून नेतात, त्याला चिकटलेला स्निग्ध गर खातात आणि बी वारुळापाशी टाकून देतात. एकदा उपटलेला ताटवा पुन्हा भरायचा तो या मुंग्यांच्या चालीने.