आधी फायली, मग लॅपटॉप

गेल्या ऑगस्टपासून माझ्या लॅपटॉपवर अधूनमधून एक सूचना झळकायला लागली. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद होणार, तुमच्या मशीनवर विंडोज ११ चढणार नाही, नवं मशीन घेण्याचा विचार करा. मी पुण्यात घरूनच डीटीपीचं काम करते. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं आणि दिवाळी अंक हा माझा मुख्य धंदा, आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमचे अंकांचे दिवस. त्या दिवसांत जाहिराती उशिरा येतात, कवितांची पानं सारखी हलतात, मुद्रितशोधक रात्री अकराला फोन करतात. ती सूचना मी दर वेळी बंद करत होते आणि पुढचं प्रूफ उघडत होते. पण प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

लॅपटॉप २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. म्हणजे माझं मशीन त्यात बसत नाही, कितीही चांगलं चालत असलं तरी. अपडेट बंद झाले म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, एवढं मला ठाऊक होतं. बंद होतात ते सुरक्षेचे नवे पॅच. पण माझ्याकडे दिवसभर अनोळखी लेखकांच्या मेलमधून फायली येतात आणि त्याच मशीनवर बँकेचे व्यवहारही होतात, त्यामुळे ही गोष्ट मला किरकोळ वाटली नाही.

सल्ले दोन्ही बाजूंनी आले. नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामी, दहा वर्षं होत आली त्याला. किती ओढणार? नवा घेऊन टाक." माझे एक प्रकाशक म्हणाले, "ताई, चालतोय ना? मग कशाला खर्चात पडता." आणखी कुणी सांगितलं, जीएसटी कमी होतोय, जरा थांबा. २२ सप्टेंबरपासून मोठ्या टीव्हींवरचा आणि एसीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला खरा, पण लॅपटॉपवर आधीपासूनच १८ टक्के होता आणि तो तसाच राहिला. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीही माझं काम बघितलेलं नव्हतं. नवा लॅपटॉप घ्यायचा तर ५५-६० हजारांची गोष्ट होती, आणि माझ्यासारखीला ती रक्कम अंकांचे पैसे हातात आल्याशिवाय काढता येत नाही. ते पैसे यायला डिसेंबर उजाडतो.

दिवाळी झाल्यावर मी पहिल्यांदा शांतपणे बघितलं की मशीन नेमकं कुठे अडतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तो एका कोपऱ्यात उघडा ठेवून मी जाड पुस्तकाची फाइल, फोटोशॉप आणि मेल असं नेहमीचं सगळं चालू केलं. प्रोसेसर आरामात होता. रॅम पाच-साडेपाच जीबीच्या वर जात नव्हती. डिस्क मात्र सतत १०० टक्के. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी जुनी हार्ड डिस्क. सगळं मशीन तिच्यासाठी खोळंबून राहत होतं. नवा की जुना हे ठरवण्याआधी प्रत्येकानं एवढं तरी बघावं असं मला कळकळीनं वाटतं. दुकानात जाऊन "स्लो झालाय" म्हटलं की समोरून नवीन मॉडेलांची यादीच येते.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी खालचं झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा घट्ट थर बसला होता, अगदी नमद्यासारखा, चिमट्यानं सोलून अखंड निघाला. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, तीही बदलली. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी ५१२ जीबीची एसएसडी बसवली. मग ते म्हणाले, "ताई, रॅमपण टाकून घ्या. आजचा भाव पुढच्या आठवड्यात राहायचा नाही."

भावाबद्दल ते अगदी खरं बोलत होते. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीची मागणी इतकी वाढली आहे की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या मोठ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं, आणि साध्या लॅपटॉपच्या रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस झपाट्यानं चढले. डिसेंबरात तर मायक्रॉननं किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तरीही मी रॅम घेतली नाही. आहे तीच भरत नव्हती, मग महाग होणार या धास्तीनं कशाला घ्यायची? एसएसडीनंतर मशीन असं काही पळायला लागलं की सकाळी ते चालू करून मी जो चहा टाकायला जायचे, तो आता आधीच करून घ्यावा लागतो.

सुरक्षेच्या पॅचची सोयही निघाली. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट ठेवले आहेत. सेटिंगचा बॅकअप त्यांच्या खात्याला जोडला की त्याचे पैसे पडत नाहीत. मी ते लगेच केलं. म्हणजे साधारण वर्ष हातात आलं.

आता त्या वर्षाचं काय करायचं? मी थांबायचं ठरवलं, पण वाचणारे पैसे हे त्याचं खरं कारण नव्हतं.

माझी वीसेक वर्षांची पुस्तकं पेजमेकरमध्ये आहेत. या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि पुढे ते बंदच झालं. त्यातला मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाचं अक्षरांचं कोष्टक वेगळं. माझं लिपीचं जुनं सॉफ्टवेअर डाँगलवर चालतं, यूएसबीत ते खोचल्याशिवाय एक अक्षर उमटत नाही. एका मैत्रिणीच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मी ते लावून बघितलं. त्याचा ड्रायव्हर जुना, नव्या विंडोजची सुरक्षा त्याला आत घेईना. ते संरक्षण बंद करून चालवता आलंही असतं, पण सुरक्षेसाठी नवं मशीन घ्यायचं आणि पहिल्याच दिवशी तिची कडी काढून ठेवायची, हे मला पटलं नाही. म्हणजे नवा लॅपटॉप मी नोव्हेंबरात आणला असता तरी काम जुन्यावरच करत बसले असते.

शिवाय प्रकाशक आता जुन्या पुस्तकांची ई-बुकं मागतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते. त्यात शोधता येत नाही, त्याचं ई-बुक होत नाही. ती पुस्तकं युनिकोडमध्ये आणणं हे काम लॅपटॉप कोणताही असो, करायचंच होतं. ते आधी उरकावं, असं मी ठरवलं.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण बटण दाबलं आणि झालं असं होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. रफाराचं उलट. 'सूर्य' मध्ये जुना रफार 'य' नंतर असतो, युनिकोडला त्यातला 'र' आधी हवा. जोडाक्षरावर वेलांटी किंवा रफार असला की साधन हमखास गोंधळतं. इंग्रजी शब्द मध्येच आले असतील तर त्यांचीही देवनागरी खिचडी होऊन बसते. सगळ्यात अवघड आपला अर्धा 'र'. मी आधी हाती घेतलेलं पुस्तक किल्ल्यांच्या भटकंतीचं होतं, आणि त्यात सह्याद्रीच्या दऱ्यांचे पानोपानी 'दर्या' झाले होते. हे स्पेलचेकरला कधीच सापडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. छापील पुस्तक शेजारी घेऊन ओळ न् ओळ वाचावीच लागते. लेखक चार पावसाळे हिंडून लिहितो, त्याच्या दऱ्यांचा समुद्र होऊ देणं मला सहन होत नाही.

मजकूर साफ झाला की तो इनडिझाइनमध्ये लावते. 'तिरो देवनागरी मराठी' हा मोफत फॉन्ट मला मनापासून आवडला. त्यातले 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत. जुन्या पुस्तकाची पानं त्यात लावली की लेखकही तक्रार करत नाहीत.

नणंदेच्या त्या मुलाला मात्र मी नोव्हेंबरात उलटा सल्ला दिला. त्याच्याकडे थोरल्या भावाचा ४ जीबीचा लॅपटॉप होता. कॉलेजचं थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्यावर उघडतच नव्हतं, प्रोजेक्टसाठी तो मित्रांच्या खोल्यांवर फिरत होता. तो म्हणत होता, जानेवारीच्या सेलपर्यंत थांबतो. मी म्हटलं, "अरे, रॅमचे भाव चढतायत, आणि तुझं सेमिस्टर काही सेलसाठी थांबणार नाही. आत्ताच घे." एक गोष्ट बजावून सांगितली. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. तेव्हा ८ वाला घेऊन नंतर बघू असं करू नकोस, १६ चाच घे. त्यानं डिसेंबरच्या आतच घेतला.

माझा मुहूर्त मी ऑक्टोबर धरलेला नाही. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, म्हणजे वाढीव अपडेट संपतील तेव्हा मी अंकांमध्ये बुडालेली असेन. त्या गर्दीत नव्या मशीनवर फॉन्ट, प्रिंटर आणि पीडीएफची सेटिंगं बसवत बसणं शक्य नाही. म्हणून जूनमध्ये घेणार. १६ जीबी, रॅमचा एक स्लॉट मोकळा, चकाकणारा नाही असा पडदा. तोवर भाव आणखी चढले तर चार-पाच हजार जास्त जातील, ते मी धरून चालले आहे. जुना लॅपटॉप विकणार नाही. त्याचं वायफाय बंद करून तो डाँगलसकट कपाटात राहील, एखाद्या प्रकाशकानं अचानक जुनी फाइल मागितली तर उघडायला.

किल्ल्यांच्या पुस्तकाचं दुसरं प्रूफ या आठवड्यात लेखकाकडे जातंय. त्यानंतर एक व्याकरणाचं पुस्तक घ्यायचं आहे. त्यात रफार फार आहेत, त्याला वेळ लागेल.