ताकद हिरावून घेऊ नका

संपादकांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर लेख मागताना अट घातली, की ज्यानं हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यालाही कळलं पाहिजे. म्हणून आधी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण डन्जन मास्टर. जग उभं करणं त्याचं काम. बाकीचे एकेक कॅरेक्टर चालवतात आणि जिथं निकाल अनिश्चित असतो तिथं फासे टाकतात. फासे दिसले की घरच्यांना जुगार वाटतो, ‘गेम’ म्हटलं की मोबाइल. दोन्ही समज चुकीचे. सगळ्यांनी मिळून रचलेली ही गोष्ट वर्षानुवर्षं चालू शकते.

इतकी चालली की कॅरेक्टर मोठी होतात, १ ते २० लेव्हलपर्यंत. पण दहाबारा लेव्हलनंतर खेळ मोडतो, तेव्हा कॅम्पेन, म्हणजे ही चालत आलेली गोष्ट, गुंडाळावं, असं खुद्द अनेक मास्टर मानतात. मी वरच्याच लेव्हल आवडीनं चालवते आणि मला हे मुळीच पटत नाही.

तक्रार खोटी नाही. नवव्या लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे जादू जाणणारा पुजारी, ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्चून दहा दिवसांपर्यंतच्या मृताला उठवतो. तेराव्या लेव्हलला विझर्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, हाती क्षणात दूर नेणारा टेलिपोर्ट मंत्र येतो आणि मास्टरनं आखलेला महिन्याचा प्रवास क्षणात संपतो. सतराव्या लेव्हलला ‘विश’ हा मंत्र मिळतो, म्हणजे मागाल ते. मग मास्टर धास्तावतो. या किल्ल्यात टेलिपोर्ट चालत नाही, त्या गुहेत कुठलीच जादू चालत नाही, असे अडसर घालू लागतो. ही रीत जुनी आहे. गायगॅक्सनं मुरलेल्या खेळाडूंचा कस लावायला ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस रचलं. ते १९७५ साली ओरिजिन्स या खेळांच्या मेळाव्यातल्या स्पर्धेत खेळलं गेलं आणि १९७८ साली छापलं गेलं. तिथं जादूनं देह विरळ करून भिंतीतून जाऊ पाहणाऱ्यावर राक्षस चालून येण्याची धास्ती असते. स्पर्धेत हे शोभतं. पण तुमच्या टेबलावरच्या खेळाडूनं ती ताकद दोनतीन वर्षं खेळून कमावलेली असते. ती ऐन वेळी काढून घेणं हा अन्याय आहे.

दुसरा सोपा उपाय म्हणजे शत्रू फुगवणं. एन्शंट रेड ड्रॅगनचे हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसण्याची ताकद, दुप्पट केले तर लढाई फक्त लांबते.

खरा उपाय नियमांतच आहे. टेलिपोर्ट विझर्डखेरीज फार तर आठ जणांना नेतो. वेढा पडलेल्या शहरात चार हजार माणसं असतील तर कुठले आठ न्यायचे? आठव्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र वठवण्यापलीकडे ‘विश’कडून काही मागितलं, तर ‘विश’च कायमचा गमावण्याची शक्यता ३३ टक्के असते. कशासाठी पत्करायची ही जोखीम? खालच्या लेव्हलला प्रश्न असतो ‘जमेल का?’ वरच्या लेव्हलला तो ‘करावं का, आणि किंमत कोण मोजणार?’ असा व्हायला हवा. मास्टरची कसोटी तिथं लागते.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडची एक खेळाडू सेशन संपल्यावर म्हणाली, “ताई, सगळं विझर्डच करतो. माझ्या फायटरची गरज काय?” ती चार तास जवळजवळ गप्प बसली होती. तिचं बरोबर होतं. विसाव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे शस्त्रानं लढणारा योद्धा, एका झटक्यात चार वार करतो. विझर्ड त्याआधीच वास्तव बदलू लागलेला असतो. ही दरी मुळात एवढी रुंद नव्हती. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात नवव्या लेव्हलचा फायटर गढी बांधून मुलूख राखू लागला की त्याच्याकडे सैनिक चालून येत. १९८४च्या ‘कम्पॅनियन सेट’ या नियमसंचात राज्य चालवण्याचे आणि सैन्य लढवण्याचे नियम होते. विझर्डची ताकद मंत्रांत वाढे, फायटरची माणसांत. पुढच्या आवृत्त्यांत मंत्र राहिले, माणसं गळाली. २०२४च्या नियमांत पाचव्या लेव्हलपासून गढ्या परत आल्या, हे चांगलं झालं. पण त्या सगळ्यांनाच मिळतात, त्यामुळे फायटरचं हक्काचं देणं अजून थकलेलंच आहे.

ते मास्टरनं फेडावं. फायटरला सैन्य द्या, शब्द मानणारी गावं द्या, त्याच्याच भरवशावर झालेला तह द्या. वेढा पडलेल्या त्या शहराच्या वेशीवर विझर्ड आठ जणांना घेऊन अदृश्य होईल, तेव्हा उरलेल्या माणसांनी कोणाकडे पाहायचं हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे. मास्टर मित्रांनो, दहाव्या लेव्हलला कॅम्पेन बंद करू नका. तुमच्या खेळाडूंनी तिथवर येण्यासाठी वर्षं दिली आहेत. पुढची दहा लेव्हल हा त्यांचा हक्क आहे.