नागपूर किती लांब?

मुंबईहून नागपूर किती लांब, हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. रेल्वेला विचारा, ती ८३७ किलोमीटर सांगेल. २०२५च्या जूनमध्ये पुरता खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ म्हणतो, पण तो भिवंडीजवळच्या आमण्यापासून मोजून. तिथवर पोचताना काय हाल होतात ते ठाणेकरांना पुसावे! विमानाची वाट सुमारे ६९० किलोमीटरची. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती छत्रपती संभाजीनगरला जवळजवळ शिवून जाते. आगगाडी मात्र कसाऱ्याचा घाट चढते, मनमाड-भुसावळचा वळसा घेते आणि अकोला, बडनेरा, वर्धा करीत जाते.

आता विमान ताशी आठशे किलोमीटर धावते म्हणतात. मग पाऊण-एक तासात नागपूर यायला हवे. तिकिटावर दीड तास कसा? तर तिकिटावरचा वेळ विमान जागचे हलल्यापासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, बहुधा समुद्राकडे झेप घेऊन मग पूर्वेला वळणे, चढणे, उतरणे, सारे त्यात आले. हिवाळ्यात वरच्या हवेतले वारे पश्चिमेकडून वाहतात, तेव्हा जाताना पाठीशी वारा आणि येताना तोंडावर. दादरच्या आमच्या दारापासून ताईच्या महालातल्या दारापर्यंत मोजाल, तर मोटार, तपासणी आणि ताटकळणे धरून पाच तास सहज होतात.

पाच तास! १९७१ साली वडील अत्यवस्थ झाले तेव्हा नागपूरला तार केली. ताईचे लग्न होऊन तीनच वर्षे झाली होती. मिळेल त्या गाडीत तान्ह्या मुलाला घेऊन ती बसली आणि दुसऱ्या दिवशी दादरला उतरली. आम्ही तोवर स्मशानातून परतलो होतो. ती काही बोलली नाही. वडिलांच्या रिकाम्या खाटेवरची चादर तिने घडी करून ठेवली.

विमान तेव्हा नव्हते असे नाही. उलट नागपूरइतके विमानांचे गाव दुसरे नसेल. १९४९ साली रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. उतारूही घेत. ताईच्या घरावरून ती घरघर रोज ऐकू येई. पण कारकुनाच्या घरात तिकिटाचा विचार कोण करणार?

ताई आता ऐंशीची आहे. तिचे मुंबईला येणे थांबले, म्हणून भाऊबीजेला मीच जातो. दोन्ही गावांचे घड्याळ एकच, पण नागपूर सहा अंशांहून अधिक पूर्वेला असल्यामुळे तिथला सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो. हे पंचांगाबाहेरचे गणित ताईला तोंडपाठ आहे. परवा फोनवर तिने बजावले, "दुपारचंच विमान घे. तुमच्या मुंबईत उजेड असतो तेव्हा इथे माझं निरांजन लागलेलं असतं. आणि येताना ओले बोंबील आणू नकोस, गेल्या खेपेला शेजारी कुरकुरले."

मी सुके नेणार आहे.