पाच वर्षांची वाट

पिरनवाडीत घर बांधून राहायला आल्यापासून सकाळी खानापूर रस्त्याच्या बाजूने फिरायला जाण्याचा माझा परिपाठ आहे. सोबतीला शेजारचे गुरुजी असतात. निवृत्त मुख्याध्यापक, दोन-तीन पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. मी माळकरी घरातला. आमची मैत्री तुकोबांच्या गाथेवरून जुळली हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ते वाटणार नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, असे टिळकच म्हणत.

मागे एका पावसाळ्यात गुरुजी बरेच दिवस गप्प होते. रविवारी संध्याकाळी ते काहीजणांना बायबल शिकवतात. त्यांत जन्मापासूनचे ख्रिस्ती आहेत, तसाच नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक तरुणही आहे. त्याची पत्नी मात्र अंगणातल्या तुळशीला पाणी घालते, संकष्टी धरते. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी 'तिलाही लवकर तयार करा' म्हणून गुरुजींच्या मागे लकडा लावला. नवऱ्याने घरात तोच तगादा लावला आणि एके दिवशी ती मुलाला घेऊन माहेरी निघून गेली.

"साहेब, मी शिकवण्यात कमी पडलो की घाई केली, तेच उमगत नाही," गुरुजी म्हणाले.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी आल्यावर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो.

टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून परका झाला. नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. पुढे त्या मुलासह टिळकांकडे नगरला आल्या, परंतु सोवळे सोडले नाही. टिळक स्वभावाने तापट आणि लहरी; घरात पैसा टिकू न देणारे. लक्ष्मीबाईंनी ते सारे हसत हसत लिहून ठेवले आहे. पण या एका बाबतीत त्या उतावळ्या माणसाने वाट पाहिली. पत्नीचा स्वयंपाक, तिचे पाणी, तिचे आचार तिच्यापुरते राहू दिले. स्वतः एका उडीत गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पावलांनी चालायला शिकावे लागले, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जातिभेद गेला, तोही त्यांच्या स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला. मधली पाच वर्षे संसारातल्या भांडणांची आणि समजुतींची आहेत. टिळकांनी अर्धवट ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे याच बाईंनी पूर्ण केले.

बालकवी ठोमरेही टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले, आणि हिंदूच राहिले. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचे काम सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा त्याचे दार बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही उघडे होते. मंडळीतल्या अनेकांना ते रुचले नसेल. दोनच वर्षांनी टिळक वारले.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत. आम्हा सरकारी माणसांना ती ज्येष्ठता यादीसारखी दिसतात. अमुक वर्षे झाली, आता बढती द्या! मी मराठी माध्यमातून शिकून कर्नाटक सरकारच्या नोकरीत शिरलो. पहिल्या साहेबांनी पहिल्या दिवसापासून कन्नड टिपणीचा हट्ट धरला, आणि मला त्या भाषेची चीड आली. नंतरच्या कचेरीतले एक वृद्ध हेडक्लार्क माझी इंग्रजी टिपणी मुकाट्याने घेत आणि तिच्याखाली पेन्सिलीने तेच वाक्य कन्नडात लिहून ठेवीत. वर्ष-दीड वर्षाने एके दुपारी माझ्या ध्यानात आले की आपण कन्नडातच लिहीत आहोत. त्यांनी याविषयी मला कधीही एक शब्द विचारला नाही. मी स्वतः अधिकारी झाल्यावर मात्र हाताखालच्या पोरांशी पहिल्या साहेबांसारखाच वागलो, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक गुरुजींच्या हाती दिले. त्यांनी ते पूर्वी वाचले होते. तरी पुन्हा नेले. आठवड्याने ते त्या तरुणाला बरोबर घेऊन तिच्या माहेरी गेले. तुळस जिथे आहे तिथेच राहील, एवढेच तिला सांगून आले. वडीलधाऱ्यांपैकी एक-दोघे अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

दिवाळीच्या आधी ती परतली. गुरुजींचा वर्ग आता त्यांच्याच सोप्यात भरतो. ती चहा देते आणि उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसते. ऐकते की नाही, हे गुरुजी विचारीत नाहीत. परवा तिनेच त्यांना, ते लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचायला मिळेल का, असे विचारले. माझी प्रत सध्या तिच्याकडे आहे. पाने सुटी झाली आहेत, जरा जपून उलटायला सांगा, एवढे मात्र मी गुरुजींना बजावले.