हरिहरेश्वराची ओहोटी

शहागंजांतल्या माणसाला पाणी म्हटलें म्हणजे नहरीचें आठवतें. मलिक अंबरानें सतराव्या शतकांत जमिनीखालून खेळविलेल्या त्या पाण्यावर आमच्या कित्येक पिढ्या वाढल्या. समुद्र ही वस्तु आम्हांस भूगोलाच्या पुस्तकांतली. अपवाद एकच, आमची आजी. तिचें माहेर श्रीवर्धनचें. जंजिऱ्याच्या नबाबाच्या मुलुखांतून ती निजामाच्या मुलुखांत, आणि कोकणस्थांच्या घरांतून देशस्थांच्या घरांत आली, तेव्हां त्याची चर्चा घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत पोंचली होती म्हणतात. पुढें १९४८ सालीं दोन्ही संस्थानें गेलीं. पण आजीचें माहेरीं जाणें कांहीं झालें नाहीं. बाजारांत सुपारी घेतांना ती ‘श्रीवर्धनी रोठा आहे का?’ असें विचारी, आणि दुकानदार ‘हो’ म्हणाला, कीं दाताखालीं धरून ‘नव्हे’ म्हणे. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेचा तिचा एक नवस होता. तो राहिला. तो फेडण्याचें आमच्या आत्यानें, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, यंदाच्या माघांत मनावर घेतलें.

ही प्रदक्षिणा म्हणजे सभामंडपाभोंवतीं फिरणें नव्हे. देवळामागच्या टेकडीवर चढावयाचें, दोन कड्यांमधल्या अरुंद फटींतून पायऱ्यांनीं थेट समुद्रांत उतरावयाचें, आणि लाटांनीं पोखरून जाळीदार केलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालून परत यावयाचें. हें सारें ओहोटी असतांनाच. भरतींत त्या वाटेनें जाणारीं माणसें वाहून गेलेलीं आहेत. म्हणून वेळ काढणें आलें. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हें आजीचें गणित आम्हां सर्वांस पाठ होतें. अष्टमी धरली, तर भरती सहाला आणि ओहोटी बाराला. भर उन्हांत, कोरड्या खडकांवरून आत्याला हात धरून नेतां येईल, असा हिशेब करून दादांनीं शुद्ध अष्टमी नक्की केली.

पुण्यास एक मुक्काम करून ताम्हिणी घाटानें आम्ही सप्तमीच्या सायंकाळीं श्रीवर्धनास उतरलों. पेशवाईचा मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ याच गांवचा, आणि हरिहरेश्वर हें त्याचें कुलदैवत. गांवांत अजून वाड्या आहेत; परंतु ३ जून १९२० नव्हे, २०२० रोजीं (मागल्या शतकांत गेल्यासारखें वाटतें खरें!) निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलें आणि पोफळी काडीसारख्या मोडल्या. नवी पोफळ फळास यावयास पांच-सात वर्षें लागतात. आजीचें घर कोणतें, हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें. आत्या एका कुंपणापाशीं थोडा वेळ उभी राहिली. तेंच घर असेल असें आम्हांस वाटलें नाहीं, पण आम्ही बोललों नाहीं.

अष्टमीस सकाळीं हरिहरेश्वर गांठलें. आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, समोर बाणकोटच्या खाडीपलीकडचा किनारा अगदीं जवळ आल्यासारखा दिसत होता. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री येथें समुद्रास मिळते. रिवाजाप्रमाणें आधीं काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हां काळभैरव असें दर्शन घेतलें, आणि बाराच्या सुमारास पायऱ्यांच्या तोंडाशीं आलों. खालीं पाहतों तों खडकांवर पाणी! ओहोटी होती, पण वळणाशीं लाट येऊन वाट पुसून जात होती. नारळ विकणारी एक बाई म्हणाली, “आज भांगाचं पाणी. म्हातारीला घेऊन उतरूं नका.”

तेव्हां आत्या एकदम म्हणाली, “अरे, आई म्हणायची खरी, अष्टमीचं पाणी धड चढत नाहीं कीं धड उतरत नाहीं!”

म्हणजे गणिताचा अर्धाच भाग आम्हीं पाठ केला होता. अष्टमीस चंद्र आणि सूर्य यांची ओढ काटकोनांत असते, म्हणून भरती लहान आणि ओहोटीहि लहान; अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांची ओढ एका रेषेंत येते, उधाण येतें, आणि पाणी उतरतेंहि तितकेंच लांब. वेळ बरोबर होती, तिथि चुकली होती. दादा फार खजील झाले. जपानांत नोकरीस असलेल्या चुलतभावानें इत्सुकुशिमाच्या समुद्रांत उभ्या असलेल्या लाल महाद्वाराविषयीं लिहिलें होतें, कीं ओहोटीला लोक त्याच्या पायांपर्यंत चालत जातात आणि तेथेंहि ओहोटी पाहूनच निघावें लागतें. तें पत्र या वेळीं कोणीं काढावयास नको होतें. धाकट्यानें तें काढलेंच.

दुपारीं शेखाडीच्या किनाऱ्यानें दिवेआगरास गेलों. तेथील सुवर्णगणेशाचा मुखवटा १९९७ सालीं एका वाडींत सांपडला, २०१२ सालीं दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन दरोडेखोरांनीं नेला, आणि हस्तगत झालेल्या सोन्याचा नवा घडवून २०२१ सालीं पुन्हां बसविला. रूपनारायणाची मूर्ति तर तासभर पाहण्यासारखी आहे. प्रभावळींत दशावतार कोरले आहेत. उकडीचे मोदक झाले, मुलें वाळूंत लोळलीं. आत्या मात्र पाण्यांत घोट्यापर्यंत उभी राहून बोटें मोजीत होती.

“तेरा पाऊणें पावणेदहा,” ती म्हणाली. “त्रयोदशीला ओहोटी चारला. मी राहतें.”

दादांची रजा संपली होती, मुलांच्या शाळा होत्या. बराच वाद झाला. अखेर वहिनी तिच्याबरोबर राहिल्या. आम्ही बाकीचीं शहागंजला परतलों आणि पांच दिवस कोणाचें जेवणांत लक्ष नव्हतें.

त्रयोदशीस साडेपांचाला फोन आला. वहिनी म्हणाल्या, कीं वळणावर दोन वेळां बसावें लागलें, पण झाली. मग त्यांनीं फोन आत्याकडे दिला. लाटांच्या आवाजांत तिचे शब्द नीट कळेनात. “रोठा दीड किलो घेतला आहे, चावून बघितला,” एवढें मात्र स्पष्ट ऐकूं आलें.